डोळ्यातली रेघ

धर्मराज मोसंबीच्या वाफ्यात उकिडवा बसून कलमं बांधत होता. हातातला चाकू त्याने अचानक खाली ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि तसाच बसून राहिला. भाकरी घेऊन बांधावर आलेल्या पुष्पाला लांबूनच कळलं, की काहीतरी बिनसलं आहे. कलम अर्धं सोडून हात थांबवणारा हा माणूस नव्हे.

"पुष्पा," तो मान न वळवता म्हणाला, "तसंच होऊन राह्यलंय."

तसंच म्हणजे कसं, हे विचारायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यात असंच झालं होतं. आधी वीज चमकावी तशा ठिणग्या, मग काजळीचे कण, मग कडेने सरकत आलेला काळा पडदा. डोळे आलेत, उष्णता झाली, असं म्हणत तेव्हा वीस दिवस नुसत्या थेंबांवर काढले होते. शेवटी मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, डोळ्यातलं भिंगही काढावं लागलं. पण फार उशीर झाला होता. त्या डोळ्याला आता उजेड-अंधारही कळत नव्हता. शाळेपासून जाड चष्मा लावणाऱ्या धर्मराजचं सगळं जग तेव्हापासून उजव्या डोळ्यावर उभं होतं.

पुष्पाने भाकरीचं फडकं सोडलंच नाही. तिने नवऱ्याचा हात धरला आणि त्याला बांधाबांधाने घराकडे आणलं. शेजारच्या भिवाची जीप घनसावंगीहून जालन्याला भाड्याने जायची. तो नुकताच जेवायला बसला होता.

"भिवा भाऊजी, उठा," ती दारातून म्हणाली. ती इतकी हळू बोलली, की भिवाला ऐकूच गेलं नाही. पण तिच्या तोंडाकडे पाहून तो ताटावरून उठला.

नव्या जालन्यात, स्टेशनच्या अलीकडे डोळ्यांचा एक दवाखाना होता. तिथल्या भालचंद्र डॉक्टरांनी कपाळाला दिव्याचं यंत्र बांधून बराच वेळ डोळ्याच्या आत पाहिलं. मग त्यांनी दिवा बाजूला केला आणि पुष्पालाही जवळ बोलावलं.

"डोळ्याच्या आत मागच्या बाजूने एक पातळ पडदा असतो," डॉक्टर म्हणाले. "दिसतं ते त्या पडद्यामुळे. यांचा पडदा कडेला फाटलाय. बारीक भोक असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे पाव वर्तुळाहून मोठी फाट आहे, आणि फाटलेला भाग आतल्या आत दुमडून उलटा पडलाय. अंगावरचा पदर वाऱ्याने उलटावा तसा."

"मंग तो सरळ होतो का, साहेब?" धर्मराजने विचारलं.

"करायचा प्रयत्न करतो. पाण्याहून जड असं एक औषध आत सोडायचं. ते पडद्याला हळूहळू दाबत सरळ करतं. सरळ झाला, की कडेने लेसरचे टाके. मग ते औषध काढून घ्यायचं आणि त्या जागी गॅसचा बुडबुडा भरायचा. टाके पक्के होईपर्यंत पडदा त्या बुडबुड्याच्या जोरावर जागेवर राहतो." ते थांबले. "अवघड भाग पुढेच आहे. फाट अगदी पुढे, भिंगाच्या मागे आहे. भिंग काढून टाकलं तर मला हात फिरवायला जागा मिळते, काम सोपं होतं. पण तुमचं वय एकतीस. धंदा काय?"

"कलमं बांधतो. मोसंबीची."

"म्हणजे जवळची नजर लागते. भिंग काढलं, की जवळचं-लांबचं आपोआप जुळवायची डोळ्याची ताकद जाते. भिंग ठेवून करू म्हणतो मी. वेळ जास्त लागेल. हत्याराचा नुसता धक्का लागला तरी भिंग पांढरं पडेल. बाई, तुमचं काय म्हणणं?"

पुष्पाला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की भीतीने, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. बाहेरच्या बाकावर पुष्पा आणि तिची सासू गोजरबाई बसल्या.

पुष्पा व्रतवैकल्यांची बाई. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, देवापुढे दिवा लागल्याशिवाय तोंडात घास नाही, आणि दर मंगळवारी दिवेलागणीपर्यंत मौन. माहेरची देवी वणीच्या गडावरची. त्या बाकावर एक तास गेला, दुसरा गेला. आतून मधूनच भांडं आपटल्यासारखा आवाज येई आणि पुष्पाला वाटे, लागला धक्का. तिसऱ्या तासाला तिने पदराची गाठ मारली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "आई, एवढा उजेड राहू दे. याच चैत्रात ह्यांना घेऊन तुझ्या पायाशी येईन. गडाच्या पायथ्याला गाडी लागली, की तुझं दर्शन होईस्तोवर तोंडातून शब्द काढणार न्हाई."

"काय बोललीस गं?" गोजरबाईने विचारलं.

पुष्पाने सांगितलं. म्हातारीने दोन्ही हात जोडून भिंतीलाच नमस्कार केला. "बरं केलंस. बोललीस ते आता मागं घ्यायचं न्हाई."

चार तासांनी डॉक्टर बाहेर आले. पडदा सरळ झाला होता. भिंग शाबूत होतं. पुष्पाला रडू आलं नाही. तिने पदराची गाठ चाचपून पाहिली एवढंच.

पण खरं भ्यायचे दिवस तिथून सुरू झाले. दहा दिवस दवाखान्यातच धर्मराजने मान खाली घालून राहायचं होतं. जेवताना मान खाली, बसताना खाली, झोपायचं तेही पालथं. बुडबुडा नेहमी वर तरंगतो, डॉक्टरांनी समजावलं होतं. मान खाली असली, की तो मागच्या पडद्याला टेकून राहतो. माणूस उताणा झाला, की तोच बुडबुडा भिंगाला टेकतो आणि भिंग गढूळ होऊ लागतं. इतक्या कष्टाने वाचवलेलं भिंग झोपेतल्या एका कुशीने जाऊ शकत होतं. पुष्पाने नवऱ्याच्या सदऱ्याला पाठीमागून लुगड्याच्या चिंध्यांची मोठी गाठोडी शिवून टाकली. उताणा झाला, की ती पाठीला टोचावी. तरीही त्याने जरा हालचाल केली, की तिचा हात त्याच्या खांद्यावर जाई.

"अगं, मी काय पळून चाललो का?" तो उशीत तोंड खुपसून म्हणे. "म्हशीला दावं बांधत्यात तशी बसलीस."

"म्हैस बरी. ती ऐकती," पुष्पा म्हणे.

त्याला आत काय दिसतं, हे ती रोज विचारायची. सुरुवातीला नुसता धुरकट उजेड होता. बाराव्या-तेराव्या दिवशी तो म्हणाला, "वरच्या बाजूनं दिसाया लागलंय. खाली पाणी असल्यावानी आहे. मधी एक काळी रेघ. मान हलवली, की रेघ हिंदकळती." ती रेघ म्हणजे बुडबुड्याची कड, डॉक्टरांनी सांगितलं. गॅस जसजसा कमी होईल, तसतशी रेघ खाली उतरेल. त्या दिवसापासून पुष्पाचा पहिला प्रश्न ठरला: "रेघ कुठंय?" आणि धर्मराज हाताने नाकापुढे दाखवायचा, इथं.

घरी सोडताना डॉक्टरांनी थेंब, गोळ्या, सगळं समजावलं. दाब वाढून डोळा दुखला तर घ्यायच्या चार गोळ्या वेगळ्या पुडीत दिल्या. "धूळ नको, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. आणि गॅस पुरता जाईपर्यंत, म्हणजे अजून महिना-दीड महिना, विमानात बसायचं नाही."

धर्मराज हसला. किती दिवसांनी हसला होता. "साहेब, आमच्याकडं यष्टी टायमावर येत न्हाई, अन् विमान कुठलं आलं?"

गोजरबाई हसली, नर्स हसली, डॉक्टरही हसले. त्या हसण्यात विमान का नको, हे विचारायचं राहूनच गेलं. सगळे उठता उठता पुष्पाने विचारलं, "डॉक्टरसाहेब, जीपनं लांबचा प्रवास चालंल का?" तिचा आवाज मुळातच बारीक. डॉक्टर पुढच्या पेशंटचा कागद पाहत म्हणाले, "चालेल. हळू जा, खड्ड्यात आपटू देऊ नका." कुठे जायचं आहे, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

चैत्र लागला. रामनवमीपासून गडावर यात्रा भरते. ऑपरेशनला वीस दिवस झाले होते. पुष्पाच्या मनात एक होतं, की अजून थोडं थांबावं. आणि एक होतं, की शब्द दिला तो याच चैत्राचा. गोजरबाईने तिचं मन एका बाजूला ढकललं.

"देवीनं तिचं काम बराबर केलं. आता आपण टाळाटाळ केली तर ती काय म्हणंल? डोळा तिनंच ठेवलाय. ठेवणाऱ्याला घेताबी येतंय."

शेवटच्या वाक्याने पुष्पाच्या अंगावर काटा आला. मग तिने आणखी विचार केला नाही.

भिवाची जीप घेऊन चौघं निघाली. वाटेत एक मुक्काम केला. धर्मराजच्या डोळ्यावर हिरवी झापड होती, मान झुकलेली होती, पण तो खुशीत होता. भिवाने कुठल्याशा गावात बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेतलं होतं. ते पुढच्या काचेजवळ खोचून ठेवलं होतं.

"भिवा, फोड की ते," धर्मराज म्हणाला.

"दर्शन झाल्याबिगर न्हाई. वहिनीचा उपास, अन् आपण कुडुम-कुडुम खायचं?"

"तुझी वहिनी जन्मभर उपासच करती. तू काय म्हातारा होईस्तोवर थांबतो का?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गडाच्या पायथ्याचं नांदुरी आलं. इथून घाट चढायचा. गाड्यांची रांग लागली होती, पायी चाललेले लोक झेंडे घेऊन कडेकडेने चढत होते. वर पाहिलं तर काळ्या कड्यांची भिंत आभाळाला टेकली होती. पुष्पाने खाली उतरून रस्त्याची माती कपाळाला लावली, गाडीत येऊन बसली आणि ओठ मिटले. तिचं मौन सुरू झालं.

पहिल्या दोन वळणांवर काहीच झालं नाही. तिसऱ्या वळणावर धर्मराजने भुवईवर बोट दाबलं.

"काय रं?" गोजरबाई म्हणाली.

"काही न्हाई. जरा ठणकतंय. ऊन लागलं असंल."

पुष्पाने झापड खाली ओढून दिली, ओला रुमाल दिला. जीप पुढे चढली. धर्मराजचा हात भुवईवरून हटेना. मग त्याने झापड वर केली आणि डोळा उघडून समोर पाहिलं. नंतर बोलला तो वेगळ्याच आवाजात.

"माय, रेघ वर चढून राह्यली."

"कोणती रेघ?"

"डोळ्यातली. सकाळी नाकाखाली होती. आता मधी आलीय."

 आठ-नऊ दिवस ती रेघ रोज केसभर खाली उतरत होती. वर कधीच चढली नव्हती. तिने त्याचा दंड धरला, भुवया वर करून विचारलं: किती? त्याला तिची खूण दिसलीच नाही. तो डोळा मिटून वाकला होता.

"मळमळून राह्यलंय," तो म्हणाला.

"घाट लागला," गोजरबाई म्हणाली. "मलाबी लागतो. लिंबू हुंग. आई परीक्षा बघती बाबा, दारात आलेल्याची बघतीच. अंबे माते की जय म्हण."

बाहेरचे लोकही तेच म्हणत होते. जयजयकार वरून खाली, खालून वर येत होता. आणखी एक वळण गेलं. पुष्पाने भिवाच्या खांद्याला हात लावून थांबायची खूण केली. गोजरबाईने तो हात मागे ओढला. "पाणी पाहिजे का? हे घे. आता थोडंच राह्यलं बाई, मधीच कशाला थांबायचं?" पुष्पाने पाणी दूर सारलं. बोलायला जीभ टाळ्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली. शब्द दिलेला. डोळा तिनंच ठेवलाय. ठेवणाऱ्याला घेताबी येतंय. आत्ता आपण बोललो आणि त्यानेच डोळा गेला तर? आणि न बोलल्याने गेला तर? देवापुढे उभं राहून तिला आजवर अशी भीती कधी वाटली नव्हती. देव नेहमी भीतीच्या पलीकडे उभा असायचा. आज पहिल्यांदा तो नेमका कुठे उभा आहे, ते तिला कळत नव्हतं.

"वहिनी, हे बघा की," भिवा एकदम म्हणाला, वातावरण हलकं करायला. काचेजवळचं पाकीट त्याने बोटाने टिचकावलं. "सकाळी मऊ होतं. आता कसं फुगून टण्ण झालंय! घाटात हवा भरती का काय त्याच्यात?"

पाकीट खरंच ढोलकीसारखं ताठ झालं होतं. कडा फाटतील की काय असं. कुणी फोडलं नव्हतं, आत काही भरलं नव्हतं. जी हवा आत होती, तीच चढावर फुगली होती.

विमानात बसायचं नाही.

पुष्पाला दवाखान्यातलं ते हसणं ऐकू आलं. विमान उंच जातं. आम्हीही उंचच चाललोय. यांच्या डोळ्यात बुडबुडा आहे, आणि डोळा काही ताणायला प्लास्टिकचा नाही.

"भिवा भाऊजी, गाडी थांबवा."

जीपमध्ये सगळे चमकले. गोजरबाईने तोंडावर हात नेला. "बोललीस? अगं, बोललीस!"

"थांबवा म्हणते न!" ती ओरडली. तिचा एवढा आवाज घरात कुणी कधी ऐकला नव्हता. "ह्यांच्या डोळ्यात ती हवा फुगती. वर जायचं न्हाई. खाली, जल्दी खाली चला."

भिवाने ब्रेक दाबला. मागच्या गाड्या कर्कश हॉर्न वाजवू लागल्या. "इथं फिरवता येत न्हाई वहिनी. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. अजून दोन वळणं वर गेलं, की रुंद जागा हाय, तिथून फिरवतो."

"दोन वळणं न्हाई," पुष्पा म्हणाली. "एकबी न्हाई." तिने दार उघडलं, धर्मराजला हाताला धरून खाली उतरवलं. "तुम्ही वर जाऊन गाडी फिरवून या. आम्ही पायी उतरतो."

"दारात येऊन आईकडं पाठ करतीस?" गोजरबाईचा आवाज चिरकला.

पुष्पाने गोळ्यांची पुडी आणि पाण्याची बाटली उचलली. 

ती दोघं उताराला लागली. समोरून सगळी यात्रा वर चढत होती आणि ही दोघंच खाली. तिने पुडीतली एक गोळी त्याच्या तोंडात घातली, बाटलीतलं पाणी पाजलं, त्याची मान खाली दाबली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. डांबर तापलं होतं. धर्मराजचे पाय फरफटत होते. एका बाईने वाट अडवून विचारलं, "अवो, दर्शन उरकलं का इतक्यात? उलट्या कुठं चालल्या?" दुसरी कुणी हसून म्हणाली, "नवरा भांडला वाटतं." पुष्पा चालत राहिली.

पहिलं वळण उतरलं तेव्हा धर्मराज थांबला.

"पुष्पा, काहीच दिसना."

"मान खाली आहे म्हणून."

"न्हाई गं. काहीच न्हाई. डाव्यासारखं झालंय. सगळं काळं."

तिने त्याचा दंड असा आवळला, की नंतर तिथे तिच्या बोटांचे वळ निघाले. "चाला," ती म्हणाली. "थांबायचं न्हाई. पाऊल टाका." तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. प्रार्थनाही नव्हती. कोणत्या तोंडाने करणार? खाली जायचं, आणखी खाली, जिथे ही हवा पुन्हा लहान होईल तिथे. चढताना जीपमध्ये हे अंतर काहीच वाटलं नव्हतं. आता एकेक वळण संपता संपत नव्हतं. वाटेत तो कठड्यापाशी बसून ओकला. तिने त्याचं कपाळ धरलं, तोंड पुसलं, उठवलं.

तिसऱ्या वळणाच्या पुढे तो म्हणाला, "दुखणं जरा कमी वाटतं." तिने विश्वास ठेवला नाही. तिला धीर यावा म्हणून म्हणत असेल. मागून भिवाची जीप आली. गोजरबाई मागच्या बाकावर बसली होती. तिने सरकून जागा दिली आणि मुलाचं डोकं आपल्या मांडीवर पालथं घेतलं.

जीप नांदुरीला पोहोचली. तिथे जीप सावलीत लावून पुष्पा एसटीडीच्या टपरीत शिरली. जालन्याचा नंबर तिसऱ्यांदा लागला. तिने सगळं सांगितलं. 

"गड," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "किती वर गेला होतात?"

"अर्ध्याच्या पुढं."

"आणि पायी उतरलात. बाई, तिथंच राहिला असतात तर... असो. आता दुखतंय का? दिसतंय का?"

"बघून सांगते."

ती जीपकडे आली.  तिने धर्मराजच्या तोंडासमोर हात धरला. "काय दिसतं?"

तो बराच वेळ पाहत राहिला. "बांगड्या," तो म्हणाला. "हिरव्या. अन् वर तुझं तोंड. धुरकट आहे."

"रेघ?"

"मधीच आहे. पण वर चढत न्हाई आता. थांबलीय."

डॉक्टरांनी फोनवर आणखी एक गोळी द्यायला सांगितली. घाटाचा रस्ता टाळून, मान खाली ठेवून सरळ दवाखान्यात या, म्हणाले. जीप निघाली. बऱ्याच वेळाने गोजरबाई म्हणाली, "गाडी फिरवताना वरून देऊळ दिसलं गं. लांबून. मी आईला सांगितलं, ती बोलली ते माझ्या माथी. मीच तिला इकडं ढकलली. जे काय करायचं ते मला कर, म्हणलं."

पुष्पाने सासूचा हात हातात घेतला. दोघींचे हात गार होते.

जालन्याला पोहोचल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तो कपाळाचा दिवा बांधला.  पुष्पाने त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. कोपऱ्यातल्या फरशीची भेग पाहत राहिली.

"पडदा जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. मग दुसऱ्या यंत्रावर धर्मराजची हनुवटी टेकवून त्यांनी पुढून पाहिलं. तिथे जास्त वेळ लागला. "भिंगाच्या मागच्या बाजूला पिसासारखी बारीक पांढरी नक्षी आलीय. बुडबुडा तिथे दाबून बसला होता, त्याने. बहुतेक जाईल. न गेली तर पुढे वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू होईल. आज मला सांगता येणार नाही."

"म्हणजे भिंग..." पुष्पाने विचारलं.

"आज आहे. आजपुरतं सांगतो." त्यांनी दिवा काढून टेबलावर ठेवला. "चूक माझीही आहे. मी प्रत्येकाला विमान सांगतो. इथे विमानात कोण बसतंय? घाट सांगायला हवा, गड सांगायला हवा."

"आम्ही हसलो साहेब," धर्मराज म्हणाला. "हसलो नसतो तर इचारलं असतं."

चैत्र गेला. वैशाख लागला. गडावरचं दर्शन राहिलं होतं आणि पुष्पाच्या पहाटेच्या पूजेत एक खळगा पडला होता. पोथीची ओळ वाचताना आपण अर्ध्या घाटातून परत आलो, हे तिला आठवे आणि आवाज आणखी बारीक होई. देवी रागावली का, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. ती रोज तुळशीला पाणी घालून ओसरीवर येई आणि एकच विचारी.

"रेघ कुठंय?"

रेघ उतरत होती. नाकाखाली आली, हनुवटीशी आली. मग रेघ न राहता एक गोल झाला, बोराएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा. धर्मराज मान हलवून त्याला इकडून तिकडे पळवायचा आणि हसायचा. भिंगावरची नक्षी पुसट झाली, असं तपासणीत डॉक्टर म्हणाले. गेली, असं म्हणाले नाहीत.

एका सकाळी तिने विचारलं तेव्हा धर्मराजने मान डावीकडे, उजवीकडे, खाली, वर, सगळीकडे फिरवली.

"न्हाई," तो म्हणाला. "आज काहीच न्हाई. गेला."

पुष्पाने हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच तिला जाणवलं, की आता आत टेका द्यायला काहीही उरलेलं नाही. पडदा आता आपल्या आपण उभा आहे. उद्यापासून कशाबद्दल विचारायचं?

धर्मराज वाफ्याकडे गेला. ती लांबून पाहत राहिली. तो उकिडवा बसला, चष्मा नाकावर सारला, ज्यावर मोसंबी बांधतात ते जंबेरीचं रोप बोटांत धरलं आणि त्याच्या सालीवर चाकूने बारीक चीर दिली. काडीवरून काढलेला मोसंबीचा डोळा त्यात बसवला. सुतळी गुंडाळता गुंडाळता त्याचा हात क्षणभर थांबला.

पुष्पाने एक पाऊल पुढे टाकलं.

मग त्याने सुतळीची गाठ मारली आणि हात पुढच्या रोपाकडे नेला.